दार नसलेलं गाव आणि दगडी भिंती

शनिशिंगणापूरचा पोरगा पुण्यात नोकरीला लागला की पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये त्याला एक प्रश्न ठरलेला असतो. "खरंच तुमच्याकडं घरांना दारं नसतात?" हो, जुन्या घरांना कवाडं नसतात. पडदा असतो, रात्री कुत्रं आत येऊ नये म्हणून एखादी फळी आडवी लावलेली असते. २०११च्या जानेवारीत युको बँकेनं गावात कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा देशभरातले कॅमेरे येऊन गेले. मधल्या काळात चोरीच्या तक्रारीही झाल्या, २०१५ साली पोलीस ठाणंही आलं. पण गोष्ट टिकून आहे. शनिदेवाची शिळा उघड्या चौथऱ्यावर उभी आहे, तिला मंदिर नाही. देवानं दृष्टांतात 'मला छप्पर नको' असं सांगितलं, ही आख्यायिका गावातलं शेंबडं पोरही तुम्हाला ऐकवेल.

दाराबद्दल सगळे विचारतात, भिंतीबद्दल कुणी विचारत नाही. मला गेलं वर्षभर भिंतींनी पछाडलं आहे. कारण घरगुती आहे, ते पुढे येईलच. त्याआधी सव्वादोनशे किलोमीटर आग्नेयेला जावं लागेल, आणि तीसेक वर्षं मागं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गावोगावचे गणपती बुडवून माणसं दमून घरी आली होती आणि गाढ झोपली होती. लातूर जिल्ह्यातला औसा तालुका आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातला उमरगा तालुका यांच्या सीमेवर, तेरणा नदीच्या काठची ही गावं. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, होळी, राजेगाव, तळणी. भूकंपाची तीव्रता होती ६.२. सरकारी आकड्यानुसार ७ हजार ९२८ माणसं मेली, १५ हजारांहून जास्त जनावरं गेली. बावन्न गावं पूर्ण उद्ध्वस्त झाली. त्यानंतर पाऊस लागला. सामुदायिक चिता पेटवायच्या होत्या आणि लाकूड ओलं होतं.

आता एक तुलना करतो. त्याच्या चार वर्षं आधी, १९८९च्या ऑक्टोबरमध्ये, अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला होता. ६.२ आणि ६.९ हे आकडे शेजारी-शेजारी वाटतात, पण ही मोजपट्टी लॉगरिदमची आहे. एक पूर्ण अंक वाढला की ऊर्जा सुमारे ३२ पट होते, ०.७ वाढला की सुमारे ११ पट. म्हणजे किल्लारीपेक्षा अकरापट ऊर्जेचा भूकंप, तोही दाट वस्तीच्या शहरी पट्ट्याजवळ, आणि मृत्यू ६३. तो भूकंप संध्याकाळी झाला, लोक जागे होते, भूकंप जास्त खोलवर होता, हे सगळं मान्य. तरी ६३ आणि ७ हजार ९२८ यांच्यातलं अंतर जमिनीनं पाडलेलं नाही. ते भिंतींनी पाडलं.

त्या भिंती कशा होत्या हे नीट समजून घ्यायला हवं, कारण 'दगडाची घरं म्हणून पडली' एवढ्यावर विषय सोडून देणं सोपं आहे. मराठवाड्यातलं जुनं घर म्हणजे आत लाकडी खांब आणि तुळयांचा सांगाडा, वर माळवद, आणि बाहेरून दगड-मातीची भिंत. दोन-अडीच फूट जाडीची, कधी त्याहून जास्त. खिडक्या जवळजवळ नाहीत. अशी भिंत उन्हाळ्यात घर गार ठेवते आणि चोराला आत येऊ देत नाही. माळवदावर मातीचा थर. पावसाळ्यात गळायला लागलं की वर आणखी माती टाकायची, आणि हे वर्षानुवर्षं. आजोबांनी टाकलेल्या मातीवर बापानं टाकली, त्यावर पोरानं. हिशोब करून पाहा. चार बाय पाच मीटरची एक खोली, वर दीड फुटाच्या आसपास माती. वजन होतं पंधरा-सोळा टन. कारखान्यावर निघालेला उसाचा भरलेला ट्रक डोक्यावर घेऊन झोपण्यासारखं. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला वेगळं नाव देतो, पण प्रकार तोच. मूळ दुखणं कुणी काढत नाही, प्रत्येक जण वरून एक थर चढवतो, आणि सिस्टिम चालते म्हणून कुणाची तक्रार नसते.

भिंतीचं आणखी एक गुपित होतं. बाहेरून बघितलं तर ती एकसंध वाटते, प्रत्यक्षात त्या दोन भिंती असतात. आतला थर वेगळा, बाहेरचा थर वेगळा, दोन्हींचे चांगले दगड दर्शनी बाजूला, आणि मधे बारीक दगड नि माती भरलेली. दोन थरांना धरून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड फार कमी ठिकाणी घातलेला. जमीन आडवी हलली की हे दोन थर एकमेकांपासून सुटतात, भिंत मधे फुगते आणि ढासळते. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंफलेल्या नसतील तर त्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडतात. कित्येक घरांत आतला लाकडी सांगाडा बऱ्यापैकी उभा राहिला आणि भिंती आत पडल्या. ज्या जाडजूड भिंतीच्या भरवशावर माणसं झोपली होती, तीच अंगावर आली.

म्हणजे घर चोर आणि ऊन या दोन संकटांसाठी अगदी विचार करून बांधलेलं होतं. तिसरं संकट त्या यादीत नव्हतं.

का नव्हतं, हा मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात अस्वस्थ करणारा प्रश्न वाटतो. कारण किल्लारी ही पहिली वेळ नव्हती.

११ डिसेंबर १९६७. पहाटेचे ४ वाजून २१ मिनिटं. (आपल्याकडचे मोठे भूकंप पहाटेच का येतात, असं आजी लोक विचारतात. योगायोग आहे, पण पहाट ही दगडी घरात असण्याची सगळ्यात वाईट वेळ हे खरंच.) कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा धक्का बसला. दोनशेच्या आसपास माणसं मेली, कोयनानगरमधली बहुतेक घरं राहण्याजोगी उरली नाहीत, वीजनिर्मिती थांबली आणि मुंबई अंधारात गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला भेगा पडल्या, पण धरण उभं राहिलं. नंतर त्याला मागून काँक्रीटचा भक्कम आधार दिला गेला.

इथं एक गंमत सांगायचा मोह आवरत नाही. धरणात बसवलेल्या यंत्रांनी त्या पहाटेच्या हादऱ्याची नोंद टिपली, आणि ती नोंद आज जगभर वापरली जाते. अबॅकस नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, मोठमोठ्या रचनांवर किती ताण येतो हे त्यात तपासतात. त्याच्यासोबत नमुन्यादाखल दिलेल्या गणितांत एक कोयना धरणाचं आहे. कुठल्यातरी परदेशी विद्यापीठातला मुलगा आत्ता या क्षणी कोयनेचं धरण स्क्रीनवर हलवून भेग कुठून सुरू होते ते बघत असेल. पाटण तालुक्यातल्या किती शाळांत ते दाखवलं जातं, मला शंका आहे.

कोयनेच्या आधी सगळ्यांचा एक ठाम विश्वास होता. दख्खन म्हणजे अखंड काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरांवर थर ओतला गेला, थंड झाला, आणि तेव्हापासून इथली जमीन जागची हलली नाही. भूकंप हिमालयात होतात, आसामात होतात, बिहारात होतात. त्या काळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात 'झोन शून्य' नावाचा एक पट्टा होता! कोयनेनंतर १९७०च्या सुधारणेत तो शून्य झोन रद्द झाला आणि कोयना परिसर थेट चौथ्या झोनमध्ये गेला.

चांगलं झालं, पण आपण त्यातून सोयीचा अर्थ काढला. कोयनेचं जलाशय १९६२पासून भरायला लागलं होतं आणि तेव्हापासून बारीक हादरे सुरू झाले होते. पाण्याच्या दाबानं आणि खडकात मुरलेल्या पाण्यानं आधीच ताणाखाली असलेली जुनी भेग सरकते, हे संशोधनातून पुढं आलं. आज कोयना हे अशा प्रकारच्या भूकंपांचं जगातलं सगळ्यात ठळक उदाहरण मानलं जातं. कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे आणि परिसरात ३ किलोमीटर खोल भोक पाडून खडक तपासला गेला आहे. सगळं खरं. पण सामान्य माणसापर्यंत आणि सरकारी फायलीपर्यंत जे पोचलं ते एवढंच: कोयनेला भूकंप झाला तो धरणामुळं. आपल्याकडं एवढं मोठं धरण नाही, म्हणजे आपल्याला धोका नाही.

किल्लारीजवळ कोयनेसारखं काही नव्हतं. तेरणेवर माकणीचं धरण आहे, त्याचा हात होता का यावर वाद झाला, पण कोयनेइतका सरळ संबंध काही जोडता आला नाही. तिथंही आधी इशारे मिळाले होते. १९९२च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या परिसरात शंभराहून जास्त लहान हादरे बसले. ऑक्टोबर १९९२मधला तर चारच्या आसपासचा होता, घरांना तडे गेले. मग १९९३च्या उन्हाळ्याच्या तोंडाशी हादरे कमी झाले, आणि माणसं पुन्हा आपापल्या माळवदाखाली झोपायला लागली. नकाशात हा भाग तेव्हा झोन एकमध्ये होता, म्हणजे देशातला सगळ्यात सुरक्षित. २००२च्या सुधारणेत झोन एकच नकाशातून काढून टाकला, आणि किल्लारी परिसर झोन तीनमध्ये आला.

लक्षात आलं का? कोयनेनंतर शून्य पुसला, किल्लारीनंतर एक पुसला. नकाशा दोन्ही वेळा माणसं मेल्यावर बदलला. आता भारतात झोन दोनपासून मोजणी सुरू होते. 'आपला झोन दोन आहे, म्हणजे सेफ' असं कुणी म्हटलं की मला हे आठवतं.

भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेनं किल्लारीजवळ ६१७ मीटर खोल भोक घेतलं. वरचे ३३८ मीटर बेसाल्ट, त्याखाली थोडा गाळाचा थर, आणि मग अब्जावधी वर्षं जुना पायाचा खडक. म्हणजे आपण ज्याला अखंड पाषाण म्हणतो ते एक झाकण आहे. खाली जुन्या भेगा आहेत, त्या वरून दिसत नाहीत. भारताची अख्खी भूपट्टी वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर उत्तरेला सरकत आशियाला ढकलते आहे, त्या ढकलाढकलीचा ताण या झाकणाखालीही साठतो, आणि हजारो वर्षांतून कधीतरी एखादी भेग सुटते. कुठली, कधी, हे आज जगात कुणीही सांगू शकत नाही. व्हॉट्सअॅपवर सांगतात ते सोडून.

*

किल्लारीनंतर जे झालं ते महाराष्ट्राच्या आधुनिक इतिहासातलं एक मोठं काम होतं, आणि त्याबद्दल आपण फार कमी वाचतो. मृतांचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, पुनर्वसन कुणाला माहीत नसतं. शरद पवार मुख्यमंत्री होते, लातूरचे जिल्हाधिकारी प्रवीण परदेशी होते. जागतिक बँकेच्या कर्जातून भूकंप पुनर्वसनाचा कार्यक्रम उभा राहिला. बावन्न गावं नव्या जागी हलवायची, कमी नुकसानीची जागच्या जागी बांधायची, आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती करून त्यांना मजबूत करायचं. भारतीय जैन संघटनेनं बाराशेच्या आसपास मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. पुढं बांधकामाच्या टप्प्यात कित्येक संस्थांनी एकेक गाव दत्तक घेतलं.

नवी गावं कशी झाली? पक्की झाली, यात वाद नाही. घरांचे तीन आकार ठरले. भूमिहीन आणि अडीच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, आणि सात हेक्टरांच्या वर जमीन असलेल्याला ७५०. गल्ल्या सरळ, रस्ते रुंद, बऱ्याच ठिकाणी शहरातल्या कॉलनीसारख्या चौकोनी आखणीच्या. आता विचार करा, जुन्या गावात भावकीची घरं एकमेकांना खेटून होती, म्हातारी ओसरीवर बसली की चार घरांतली पोरं तिच्या नजरेखाली खेळायची. नव्या गावात घराचा नंबर जमिनीच्या हिशोबानं लागला. भाऊ एका टोकाला, चुलता दुसऱ्या. गावाचा पसारा जुन्यापेक्षा कितीतरी मोठा, शेत लांब, काँक्रीटची छपरं उन्हाळ्यात तापणारी. जनावरं बांधायची कुठं, कडबा रचायचा कुठं, चूल कुठं, याचं उत्तर नकाशात नव्हतं. मग लोकांनी ते स्वतः दिलं. घराला लागून खोल्या काढल्या, आणि काही जणांनी त्या पुन्हा दगड-मातीच्याच काढल्या.

यावर शहरी माणूस पटकन म्हणतो, 'बघा, लोक सुधारत नाहीत.' मला हे पटत नाही. ज्या माणसाला गोठा हवा होता त्याला गोठा दिला नाही, आणि सुरक्षित गोठा स्वस्तात कसा बांधायचा हेही शिकवलं नाही. मग तो येतं तेच करणार. आमच्या क्षेत्रात युजर कसा वापरणार हे न विचारता बनवलेल्या ॲपचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, तिथं आपण युजरला मूर्ख म्हणत नाही.

भूकंपग्रस्तांना स्वतःलाच जुन्या जागी राहायचं नव्हतं, हेही खरं. दगडाची इतकी धास्ती बसली होती की लोक पत्र्याच्या शेडमध्ये उन्हात भाजून निघायला तयार होते, पण दगडी भिंतीजवळ झोपायला नाही. दुरुस्तीसाठी मिळालेल्या पैशांतून बऱ्याच जणांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. इंजिनिअर सांगत होते की दगड वाईट नाही, बांधणी वाईट आहे. मातीचं ओझं उतरवा, आरपार दगड घाला, कोपरे बांधा, दारा-खिडक्यांच्या वरून घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा. ज्या वर्षी किल्लारी पडलं, त्याच १९९३ साली भारतीय मानक ब्युरोनं कमी ताकदीच्या दगडी आणि मातीच्या घरांसाठी नेमकं हेच सांगणारी मानकं छापली होती. पण ज्यानं आपल्या माणसांना दगडाखालून काढलंय, त्याला 'दगड निर्दोष आहे' हे कोणत्या तोंडानं सांगणार?

हे काम शेवटी बायकांनी केलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम शिक्षण प्रयोग या संस्थेला सरकारनं लोकसहभागाची जबाबदारी दिली. हजाराहून जास्त गावांत महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून नेमलं गेलं. त्यांनी घराघरांत जाऊन सरकारी योजना समजावली, पैसा कुठं अडला ते विचारलं, आणि गवंडी पट्टा नीट घालतोय का, हे उभं राहून बघितलं. यातल्या बहुतेकींनी त्याआधी ग्रामपंचायतीची पायरीही चढली नव्हती. पुढं २००१ला कच्छचा भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बायका गुजरातेत गेल्या आणि तिथल्या बायकांशी बोलल्या. इंजिनिअरनं सांगितलेलं आणि घर गमावलेल्या बाईनं सांगितलेलं, यांत फरक पडतोच.

कच्छच्या भूकंपाचा उल्लेख आला म्हणून तो आकडा सांगतो जो मला झोपू देत नाही. २६ जानेवारी २००१ला अहमदाबादेत सत्तरएक बहुमजली इमारती कोसळल्या. अहमदाबाद केंद्रबिंदूपासून सव्वादोनशे किलोमीटरांहून लांब आहे, म्हणजे किल्लारीपासून शिंगणापूर आहे साधारण तेवढंच. तो भूकंप किल्लारीपेक्षा शंभर पटींहून जास्त ऊर्जेचा होता, त्यामुळे सरळ बरोबरी करता येत नाही. पण कोसळलेल्या कित्येक इमारतींत एक गोष्ट समान होती: तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर, आणि वर भिंतींनी भरलेले जड मजले.

*

आता घरगुती कारण.

आमचं घर जुनं. खालचा मजला दगडाचा, मातीत बांधलेला, वर पूर्वी धाबं होतं, ते काढून पत्रे आले. काकांना आता त्यावर स्लॅब टाकायचा आहे आणि स्लॅबवर दोन खोल्या. रस्त्याची बाजू पाडून खाली दोन गाळे काढायचे, भाविकांची गर्दी वाढली आहे, पूजेच्या सामानाचं दुकान चालतं. वरच्या खोल्यांत चुलतभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं राहणार. म्हणजे पुढची भिंत काढून तळमजला मोकळा करायचा आणि डोक्यावर ओझं वाढवायचं. शिवाय खाली काळी माती. मुळा धरणाच्या कालव्यावर ऊस पिकवणारी ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पायाला वर्षभर हिंदोळे देते.

मी फोनवर सांगितलं, आधी सिव्हिलवाल्याला दाखवू. काका हसले. "आरं बाबा, आपल्याकडं कधी झालाय का भूकंप? आन् शनिदेवाचं गाव हाये. इथं चोर येत न्हाय, तिथं भूकंप काय येतोय."

मी वाद घातला नाही. काकांनी त्रेसष्टाव्या वर्षापर्यंत कुलूप न लावता आयुष्य काढलं आहे. त्या भरवशाला मी हसणार नाही. पण तो भरवसा कशावर उभा आहे ते नीट बघितलं तर तो माणसांवर उभा आहे. चोरी माणूस करतो. माणसाला देवाची भीती असते, शेजाऱ्याची लाज असते, गावाचं नाव जपायचं असतं. उघड्या दाराला हे सगळं मिळून राखतं. भिंतीला यातलं काही ऐकू येत नाही. तिला फक्त वजन, आणि जोड किती घट्ट आहे ते कळतं.

दिवाळीत मी माझ्या कॉलेजमधल्या सिव्हिलच्या मित्राला गावी घेऊन गेलो. त्यानं टिकाव मागितला, कोपऱ्यातला गिलावा फोडला आणि दोन भिंतींच्या सांध्यात अख्खी पट्टी घालून दाखवली. काका काही बोलले नाहीत. मग मिस्त्री आला. तो या कामात पंचवीस वर्षं मुरलेला, त्याला शिकवायला कुणी पोरगेलं आलेलं आवडलं नसावं. मित्रानं त्याला कॉलमच्या रिंगा कशा वळवतो ते विचारलं. मिस्त्री म्हणाला, "काटकोनात. समदे तशाच वळवत्यात." मित्रानं सळईचा तुकडा घेऊन रिंगेचं टोक आणखी वाकवून काँक्रीटच्या पोटात शिरेल असं करून दाखवलं. हादरा बसला की काटकोनातली रिंग उघडते आणि कॉलमच्या उभ्या सळया बाहेर फाकतात, आत वळवलेली रिंग धरून ठेवते. खर्च? रिंगेमागं बोटभर जास्त सळई. मिस्त्री तो तुकडा बराच वेळ हातात फिरवत राहिला. "हे सांगितलं कुणी असतं तर केलं असतं की दादा," एवढंच म्हणाला.

याचा राग कुणावर काढायचा? मिस्त्रीवर तर नाहीच. गावातली बहुतेक घरं इंजिनिअरशिवाय उभी राहतात आणि राहणार. मानकं ब्युरोच्या वेबसाइटवर इंग्रजीत पडून आहेत. मिस्त्री मराठीत, साइटवर, दुसऱ्या मिस्त्रीकडून शिकतो. या दोहोंमधला पूल १९९३ नंतर काही वर्षं लातूर-उस्मानाबादेत होता. तिथं गवंड्यांना प्रशिक्षण मिळालं, बायका लक्ष ठेवायला उभ्या होत्या. कर्ज संपलं, कार्यक्रम संपला. नेपाळमध्ये अशाच पुलानं काय होतं ते २०१५ला दिसलं: काठमांडूच्या खोऱ्यात स्थानिक गवंड्यांना शिकवून मजबूत केलेल्या शाळा त्या भूकंपात उभ्या राहिल्या, आजूबाजूच्या कित्येक इमारती पडल्या तरी. तुर्कस्ताननं उलटं केलं. २०१८ला दंड भरून लाखो बेकायदा बांधकामं कायदेशीर करून दिली, आणि फेब्रुवारी २०२३मध्ये तिथं पन्नास हजारांहून जास्त माणसं गेली. आपल्याकडं निवडणुकीच्या तोंडावर 'नियमित करण्याचे' फलक लागतात तेव्हा त्याची आठवण ठेवायला हरकत नाही.

आमच्या घराचं अजून ठरलेलं नाही. मित्राच्या मते दगडी मजल्यावर स्लॅब टाकूच नये, मागच्या मोकळ्या जागेत कॉलम-बीमचं वेगळं दुमजली घर उभं करावं, आणि जुन्या घराला पट्टा फिरवून, कोपरे बांधून, हलके पत्रे तसेच ठेवावेत. गाळे काढायचेच तर भिंत पाडून नव्हे, पुढं वेगळे, हलके. काकांचा हिशोब असा की मागची जागा गाईंची आहे आणि पैसे एकाच कामापुरते आहेत. दोघांचंही बरोबर आहे. वहिनीनं मात्र परवा मला वेगळाच मेसेज टाकला: पोरांना वर झोपवायचं का खाली, ते आधी सांगा.

मधल्या काळात जमीन काही थांबलेली नाही. २०१८च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात लहान हादऱ्यांची मालिका सुरू झाली, धुंदलवाडीची माणसं महिनोन्महिने तंबूत झोपली. २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्हा ४.५च्या धक्क्यानं हलला, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. जुलैमध्ये पुन्हा तेवढाच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे गावाच्या लोकांनी तर त्याआधी कित्येक वर्षं जमिनीखालून गूढ आवाज येत असल्याचं सांगून ठेवलं होतं.

मार्चच्या त्या धक्क्यानंतर प्रशासनानं लोकांना एक साधं आवाहन केलं. ज्यांच्या घरावर पत्रे आहेत आणि ते वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वर दगड ठेवले आहेत, त्यांनी ते दगड खाली काढून घ्यावेत. मी ती बातमी काकांना पाठवली. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही. पुढच्या रविवारी घरी गेलो तर आमच्या पत्र्यावरचे दगड भिंतीच्या कडेला ओळीनं मांडून ठेवले होते, आणि पत्रे तारेनं वाशांना बांधले होते. शेजारच्या चार घरांवर दगड होते तसेच होते.